पन्हळीपर्यंत

आइसलंडचा नकाशा फेब्रुवारीत आमच्या जेवणाच्या टेबलावर पसरला आणि पावसाळा लागला तरी तिथून हलला नाही. मुलाने त्यावर लाल पेनाने चौतीस गोल केले होते. धबधबे, हिमनद्या, ज्वालामुखीची विवरं, देवमासे दिसतात असं एक बंदर. सगळे गोल एकाच रस्त्याला लगटून होते आणि तो रस्ताही गोल. राजधानी रेक्याविकहून निघून अख्ख्या देशाला वळसा घालून पुन्हा रेक्याविकलाच येणारा, क्रमांक एकचा रस्ता. लांबी १३२२ किलोमीटर. आमच्या हातात सहा रात्री होत्या.

"पुणे-नागपूर जाऊन यायचं म्हटलं तरी याहून जास्त होतं," नवरा म्हणाला. ते खरंच आहे. शिवाय देश केवढा, तर महाराष्ट्राच्या एक तृतीयांश. लोकसंख्या चार लाखांच्या आत. रेक्याविक सोडलं की रस्त्यावर गर्दी नाही. अशा देशाला सहा दिवसांत फेरी होणार नाही, हे आम्हाला तरी कसं पटावं?

मला पटलं ते एका रविवारी वहीत हिशोब मांडल्यावर. रस्ता १३२२ किलोमीटरचा असला तरी लाल गोल काही सगळे रस्त्यावर नव्हते. आतले फाटे धरले की मुलाचा आराखडा सतराशेच्या वर जात होता. डांबरी रस्त्यावर वेगाची मर्यादा ताशी ९०, खडीच्या रस्त्यावर ८०, गावातून ५०. सरासरी सत्तरची धरली तरी नुसतं गाडी चालवणं चोवीस तासांचं. आता थांबे. एका ठिकाणी थांबायचं म्हणजे गाडी लावायची, कोट-टोप्या चढवायच्या, चालत जायचं, बघायचं, परत यायचं, एकाहत्तर वर्षांच्या सासूबाईंसाठी बाथरूम शोधायचं. पन्नास मिनिटांच्या आत हे होत नाही. चौतीस वेळा पन्नास मिनिटं म्हणजे अठ्ठावीस तास. एकूण बावन्न. पहिला आणि शेवटचा दिवस विमानाचा, मधले पूर्ण दिवस पाच. म्हणजे रोज दहा तासांच्या वर, आणि त्यात जेवण नाही, सामानाची चढउतार नाही. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तिथे उजेड बारा-साडेबारा तासांचाच असतो.

ही वही घेऊन मी चार ठिकाणी विचारत फिरले. पुण्यातल्या एका सहल कंपनीतला माणूस प्रामाणिकपणे म्हणाला, "मॅडम, तुमचं बरोबर आहे, पण लोक पत्रकातली ठिकाणं मोजतात. आमची वीस असली आणि शेजारच्याची सव्वीस, तर बुकिंग शेजाऱ्याकडे जातं." माझी मावसबहीण डब्लिनला असते. तिने दोन वर्षांपूर्वी हीच फेरी सहा दिवसांत केलेली. फोनवर आधी तिने भरभरून सांगितलं, आणि मग जरा थांबून म्हणाली, "उत्तरेला म्यवात्न म्हणून सरोवर आहे ना, त्याचं नाव काढलं की मला तिथला पेट्रोल पंप आठवतो. तिथेच सँडविच खाऊन निघालो होतो. आणि पाचव्या दिवशी धबधबा आला की मुलं गाडीतून उतरायला तयार नसायची. काचेतून बघायची."

धबधब्याशी जाऊनही मुलं उतरायला तयार नाहीत, या वाक्याने मला फार वाईट वाटलं. मुलांना नावं ठेवायचं काही कारण नाही. चार दिवस सतत पाहत राहिलं की डोळे भरून जातात, आणि भरलेल्या भांड्यात आणखी किती ओतणार?

पण मुलाचं म्हणणंही खोटं नव्हतं. "एवढ्या लांब पुन्हा कोण येणार आहे? एवढे पैसे घालून जायचं आणि अर्धं बघून यायचं?" मध्यमवर्गीय मराठी घरातल्या प्रत्येक सहलीत हे वाक्य असतं. आलोच आहोत तर बघून घेऊ. रायगडला गेलो तर पाचाडही करू, कोल्हापूरला गेलो तर नरसोबाची वाडी आणि खिद्रापूर एका दिवसात उरकू. यात हाव आहे असं मी म्हणणार नाही. वर्षानुवर्षं साठवलेल्या रजेची आणि पैशांची ती किंमत आहे. ज्याच्या गाठीला एकच फेरी आहे तो प्रत्येक गोल पुसताना हळहळणारच. म्हणून 'कमी बघा, निवांत बघा' असं कुणी वरवर सांगितलं की मला ते पुरेसं वाटत नाही. काय सोडायचं आणि का, हे सांगता आलं पाहिजे.

मला सांगता आलं ते त्या रस्त्याचा इतिहास वाचल्यावर. आइसलंडमध्ये वस्ती झाली ती परंपरेने इसवी सन ८७४ मध्ये. हा वळसा पूर्ण झाला १९७४ मध्ये, वस्तीच्या अकराशेव्या वर्षी. तोवर दक्षिणेला एक तुकडा जोडता येत नव्हता. वातनायोकुल या प्रचंड हिमनदीच्या पायथ्याशी काळ्या वाळूचं सपाट मैदान आहे, स्केइदारारसांदुर. बर्फाखाली ज्वालामुखी आहेत. ते तापले की बर्फ वितळून पुराचे लोंढे या मैदानावर येतात आणि नद्या आपली पात्रं बदलतात. पूल टिकणार कुठे? आग्नेयेकडच्या हेब्न गावातल्या माणसाला गाडीने राजधानीला जायचं तर उत्तरेकडून सगळा देश फिरून जावं लागायचं. १९७४ मध्ये या मैदानावर लांबच लांब पूल झाले. १९९६ च्या नोव्हेंबरमध्ये बर्फाखालच्या ग्रिम्सव्होत्न या ज्वालामुखीकडून पूर आला आणि त्यातला एक भाग घेऊन गेला.

वर्तुळाचं गणित इथे कळतं. वर्तुळात कुठेही एक तुकडा बंद पडला की पूर्ण वळसा बंद. तुम्ही निम्म्याच्या पुढे गेला असाल तर मागे फिरणंही तेवढंच लांब. वादळ, धुकं, रेतीचा वारा, आजारपण, काहीही झालं तरी त्या रात्री पुढच्या गावी पोचायलाच हवं, कारण खोली तिथे घेतली आहे आणि शेवटच्या दिवशी विमान आहे. जाऊन-येऊन असलेल्या रस्त्याचं तसं नसतं. तिथे आज कुठूनही परत फिरता येतं. मधे एक दिवस बसूनही काढता येतो.

मी हे टेबलाशी सांगत होते तेव्हा आई, म्हणजे माझ्या सासूबाई, शेंगा सोलत होत्या. त्यांचं माहेर वाईचं. लहानपणी रोज काशीविश्वेश्वराला जाणं व्हायचं. नातवाकडे बघून त्या म्हणाल्या, "अरे, पुरी प्रदक्षिणाच कशाला हवी? शंकराला आपण कुठे पुरी घालतो? पन्हळीपर्यंत जायचं, पाणी ओलांडायचं नाही, तिथून मागे फिरायचं. देव काही कमी पावतो का?"

सोमसूत्री प्रदक्षिणा. मराठी घरातल्या कुणालाही ती समजावून सांगावी लागत नाही. त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा, काय बघायचं हे बाजूला ठेवून, कुठून परत फिरायचं ते ठरवलं. दक्षिण किनाऱ्याने योकुल्सारलोनपर्यंत. रेक्याविकपासून पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास. तिथे हिमनदीचं पाणी सरोवरात येतं आणि एका आखूड नदीने समुद्राला मिळतं. त्या नदीवर पूल आहे. पुलाच्या अलीकडे थांबायचं. चौतीसपैकी वीस गोल नकाशाच्या उत्तरेला आणि पूर्वेला राहिले ते तसेच राहिले. उरलेल्या चौदांतलेही काही जातील हे मी मनाशी धरून ठेवलं. आणि मधे विक गावात दोन रात्री, त्यातला एक दिवस रिकामा. मुलगा त्या रिकाम्या चौकोनाकडे बराच वेळ बघत होता. त्याने काही लिहिलं नाही त्यात, हा त्याचा मोठेपणा.

पुण्याहून निघताना आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढला होता, वर्षभर चालतो. आइसलंडमध्ये गाडी उजवीकडून चालते. १९६८ च्या मे महिन्यापर्यंत तेही आपल्यासारखे डावीकडूनच चालवत असत. दिवसाही दिवे लावून चालवायचं, रस्ता सोडून गाडी उतरवली तर कायद्याने गुन्हा, आणि एकेरी पुलावर समोरचा आधी पोचला असेल तर थांबायचं. एवढं पाळलं की चालवणं अवघड नाही. नवऱ्याला पहिला दिवस वायपर आणि इंडिकेटर यांची अदलाबदल होत राहिली, मग हात बसला.

पहिला पूर्ण दिवस थिंग्वेत्लिर, गेसिर आणि गुत्लफॉस यांचा. थिंग्वेत्लिरला सन ९३० मध्ये आल्थिंग ही लोकसभा भरायला लागली. तिथेच उत्तर अमेरिकेचा आणि युरेशियाचा भूपट्ट एकमेकांपासून वर्षाला दोनेक सेंटिमीटरने दूर होत आहेत. त्या फटीतून आम्ही चालत गेलो. खरं थांबणं झालं ते गेसिरच्या शेजारच्या स्त्रोकुरपाशी. हा उकळत्या पाण्याचा फवारा दर सहा ते दहा मिनिटांनी उडतो. पहिल्यांदा उडाला तेव्हा सगळ्यांसारखाच मी फोन वर धरला होता, आणि फोटोत नुसती वाफ आली. दुसऱ्या वेळी आईंनी दाखवलं, "वर काय बघतेस, आधी खाली बघ." पाणी विवरात आत-बाहेर श्वास घेतं. मग एकदा ते खाली जातच नाही. फुगतं. दोन हात रुंदीचा निळा, काचेसारखा घुमट वर येतो, आत बुडबुड्यांचा पांढरा गोळा दिसतो आणि तो पुरा फुटायच्या आत सगळं आकाशात. तो घुमट डोळ्यांसमोर सेकंदभर टिकतो. त्या सेकंदासाठी आम्ही सात वेळा थांबलो. एक तास तिथे गेला आणि यादीतलं केरिद हे विवर त्या दिवशी राहिलं. त्याबद्दल कुणीच काही बोललं नाही.

सेल्यालांद्सफॉस आणि स्कोगाफॉस हे धबधबे दुसऱ्या दिवशी. दोन्ही साठेक मीटर उंचीचे, दोन्ही रस्त्यावरून दिसतात, दोन्हींचे फोटो तुम्ही पाहिलेले आहेत. पहिल्याच्या मागून चालत जाता येतं. आपण सह्याद्रीत वाढलेली माणसं, धबधब्याच्या मागची ओली कपार आपल्याला नवी नाही. आई तिथे जास्त रमल्या नाहीत. गाडीत बसून त्यांनी स्कीर खाल्लं. ते तिथलं घट्ट दही, थेट आपल्या चक्क्याच्या जातीचं. त्यात साखर घालून त्यांनी गूळपोळीबरोबर संपवलं.

विकच्या अलीकडे रेनिस्फ्यारा हा काळ्या वाळूचा किनारा आहे. तिथे शांत समुद्रातून अचानक एक लाट फार वरपर्यंत येते आणि माणसाला ओढून नेते. पर्यटकांचे जीव गेलेले आहेत. समुद्राकडे पाठ करायची नाही, असं सूचनाफलकावर लिहिलेलं असतं. घाईची माणसं हमखास तेच करतात, कारण फोटोत समुद्र मागे लागतो.

त्या रात्री विकच्या अतिथिगृहाच्या मालकीणबाईंनी आम्हाला सामान ठेवायच्या आधी गाडीपाशी नेलं आणि दार उघडायला शिकवलं. गाडीचं नाक वाऱ्याकडे. एका वेळी एकच दार. एक हात आतल्या मुठीला, दुसरा चौकटीला. उद्या नारिंगी इशारा आहे, त्या म्हणाल्या. तिथलं हवामान खातं पिवळा, नारिंगी आणि लाल असे इशारे देतं. वाऱ्याने उलटं फिरलेलं दार विम्यात बहुधा धरत नाहीत, आणि रेतीने खरवडलेल्या रंगाचा विमा वेगळा घ्यावा लागतो.

सकाळी सातला विकच्या पूर्वेचा रस्ता बंद झाल्याचं कळलं. नकाशावर तो पट्टा लाल झाला होता. मुलाने आपला जुना आराखडा फोनवर काढला आणि मला दाखवला. त्यात आम्ही त्या क्षणी पूर्वेच्या फ्योर्डांत असायला हवे होतो, आणि रात्री म्यवात्नला. तो एवढंच म्हणाला, "आई, आपण कुठे अडकलो असतो ते बघ."

वारा दुपारपर्यंत घोंघावत राहिला. खिडकीच्या काचेवर वाळू ताशा वाजल्यासारखी वाजत होती. आम्ही मेतकूट-भात केला. मालकीणबाई आमच्या टेबलाशी येऊन बसल्या आणि टेकडीवरचं चर्च दाखवून म्हणाल्या, "कात्ला जागी झाली तर आम्ही सगळे तिथे जातो." कात्ला हा ज्वालामुखी गावाच्या मागे हिमनदीखाली आहे. १९१८ साली त्याचा मोठा उद्रेक झाला होता. पुन्हा झाला तर बर्फाचं पाणी खाली येईल आणि गावात उंचावर तेवढं चर्चच आहे. गावकऱ्यांच्या सरावातही तिथेच जमायचं असतं. लाल छपराचं ते चर्च अनेकांच्या फोटोत असतं. ते तिथे उंचावर असण्याचा गावाला काय आधार आहे, हे आम्हाला रस्ता बंद झाल्यामुळे ऐकायला मिळालं. संध्याकाळी वारा पडल्यावर आई हळूहळू वर चढून गेल्या आणि पायरीवर बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी रस्ता खुला झाला. विक ते योकुल्सारलोन १९५ किलोमीटर. वाटेत स्काफ्ताफेलजवळ रस्त्याच्या कडेला १९९६ च्या पुरात गेलेल्या पुलाच्या पोलादी तुळया ठेवल्या आहेत. पिळलेल्या कपड्यासारख्या वळलेल्या. आमच्याशिवाय तिथे दोनच गाड्या थांबल्या होत्या.

योकुल्सारलोनच्या पुलाच्या अलीकडेही गाडी लावायला जागा आहे. बहुतेक गाड्या पुलावरून पलीकडे जातात, होड्याही तिकडूनच सुटतात. आम्ही अलीकडे थांबलो. सरोवर दगडधोंड्यांच्या उंचवट्यामागे आहे. चढून वर गेलं की एकदम समोर येतं. १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत हे सरोवरच नव्हतं. हिमनदीचं टोक पार समुद्राजवळ होतं. ते मागे हटत गेलं आणि खड्ड्यात पाणी भरत गेलं. आज ते अठरा चौरस किलोमीटरहून मोठं आणि जवळपास अडीचशे मीटर खोल आहे. बर्फाचे घराएवढे तुकडे तुटून त्यात तरंगतात, काही निळे, काही राखेच्या काळ्या रेघांचे. तोंडाशी उथळ असल्याने ते तिथे अडकून बसतात. झिजून लहान झाले की पुलाखालून समुद्राकडे जातात.

आई पुलाच्या अलीकडच्या खांबाजवळ उभ्या राहून ते जाणं बघत होत्या. एक माठाएवढा तुकडा प्रवाहात आला, एकदा गिरकी घेतली, खालची निळी बाजू वर आली, आणि गेला. त्याच्यामागे दुसरा. मुलाने पलीकडे बघितलं. पलीकडच्या वाळूतही बर्फाचे तुकडे चमकत होते. चालत पाच मिनिटं लागली असती. "आजी, जाऊया का?"

"ही पन्हळच आहे रे," आई म्हणाल्या. "तू जा हवं तर. मी इथेच."

तो गेला नाही. आम्ही अलीकडच्या किनाऱ्यावर दोन तास होतो. मग गाडी वळवली.

परतीचा रस्ता हा त्याच रस्त्याचा वाया गेलेला अर्धा भाग, असं प्रवास आखताना वाटतं. माझंही तसंच मत होतं. क्लॉइस्तुर या गावी रात्र काढून सकाळी पश्चिमेला निघालो तर जाताना ताशी नव्वदने पार केलेला एक करडा-हिरवा उंचसखल पट्टा पुन्हा लागला. जाताना त्याच्याकडे कुणी नीट पाहिलंही नव्हतं. परतीच्या दिवशी कुठे पोचायची घाई नव्हती, म्हणून थांबलो. हा एल्दह्राउन, लाकीच्या उद्रेकातला लाव्हा.

८ जून १७८३ ला लाकीची भेग फुटली आणि आठ महिने धुमसत राहिली. सुमारे सहाशे चौरस किलोमीटर जमीन लाव्ह्याखाली गेली. विषारी वायूने गवत गेलं, गुरं गेली, आणि मागून आलेल्या दुष्काळात देशातली दर पाचांतली एक व्यक्ती गेली. आम्ही ज्या गावात झोपलो होतो त्याच्याच दिशेने लाव्हा येत होता. २० जुलैच्या रविवारी योन स्तेइनग्रिमसोन या पाद्र्याने माणसं चर्चमध्ये जमवून उपासना केली आणि लाव्हा गावाबाहेर थांबला. आजही तिथे त्या उपासनेला 'आगीची उपासना' म्हणतात. त्या साली सालबाईचा तह होऊन वर्ष झालं होतं, पुण्यात सवाई माधवराव पेशवे होते. लाकीच्या धुराने पुढच्या मोसमी पावसावरही परिणाम केला असावा असं काही शास्त्रज्ञ मांडतात. उत्तर हिंदुस्थानातला चालीसा दुष्काळ त्याच सुमाराचा.

आखून दिलेल्या पायवाटेवर आई खाली बसल्या आणि कडेच्या शेवाळात बोटं रोवली. दुसऱ्या पेरापर्यंत आत गेली. आदल्या दिवशीच्या पावसाने ते थंड आणि लोकरीसारखं दाट झालं होतं. बोटं काढली तसं हळूहळू वर आलं. या शेवाळावर पाय पडला तर खूण भरून यायला कित्येक वर्षं लागतात, म्हणून पायवाट सोडायची नाही. "खाली दगड लागतोय," त्या म्हणाल्या. "आपलाच आहे." काळा, भोकाभोकांचा. आपला सह्याद्रीही असाच ओतलेल्या लाव्ह्याचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. वेरूळचं कैलास त्यातच कोरलेलं. त्यावर माती झाली, जंगल झालं, शेती झाली. इथे अजून अडीचशे वर्षंही झालेली नाहीत आणि नुसतं शेवाळ आलं आहे. माती अजून व्हायची आहे.

आम्ही तिथे तासभर होतो. तिकीट नाही, कठडा नाही, मुलाच्या चौतिसांत तर हे ठिकाण नव्हतंच.

विमानतळावर गाडी परत दिली तेव्हा मीटरवर १०४० किलोमीटर झाले होते. चौतीसपैकी बारा ठिकाणं पाहिली. नकाशा आता कपाटात आहे, उत्तरेकडचे गोल त्यावर तसेच आहेत. मुलाला नोकरी लागली आहे आणि तो पैसे बाजूला टाकतो आहे. पुढच्या खेपेला रेक्याविकहून उलट्या बाजूने, उत्तरेकडून निघायचं आणि त्याच पुलाच्या पलीकडच्या टोकापर्यंत यायचं, असं आजी-नातवाचं ठरलं आहे.